ऐकावे जनाचे, पण ठरवायच्या आधी

प्रश्न: चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचे उत्पादनप्रमुख लिहितात: आठ महिन्यांपूर्वी ही जागा मिळाली. आधीचे साहेब सगळं एकटेच ठरवायचे, लोक दबून असायचे. मी म्हटलं, आपण सर्वांना विचारून चालू. आता प्रत्येक गोष्टीला बैठक लागते. एका जुन्या व्हीएमसीच्या (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनच्या) स्पिंडलसाठी, म्हणजे हत्यार फिरवणाऱ्या दांड्यासाठी, नऊ जणांच्या दीड-दीड तासाच्या चार बैठका झाल्या. स्पिंडल रिकंडिशन केला, म्हणजे पूर्ण दुरुस्त करून घेतला, तर साडेचार लाख आणि पंधरा दिवस मशीन बंद. नवं मशीन ३८ लाखांना, चौदा आठवड्यांनी मिळणार. काम बाहेर जॉबवर्कला दिलं तर तासाला ६५० रुपये. आमच्याकडे तोच तास ४२० ला पडतो. महिन्याला साधारण ४०० तासांचं काम आहे. याच मशीनच्या दुरुस्तीवर गेल्या वर्षी तीन लाख गेलेत. चौथ्या बैठकीत मालकांनी बसल्या बसल्या ‘नवंच घेऊ’ म्हटलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मेन्टेनन्सचा माणूस म्हणाला, ‘ते मशीन आपल्या शटरमधून आत जाणारच नाही. मला वाटलंच होतं.’ ऑर्डर अजून दिलेली नाही. आधीचे साहेबच बरोबर होते का? बैठका बंद करून एकट्यानेच ठरवू का?

उत्तर: नमस्कार. आधी हिशोब करू. नऊ माणसं, चार बैठका, दीड तास म्हणजे ५४ तास. एका माणसाची जवळपास सात दिवसांची हजेरी. एवढ्या तासांत ज्याला शटरची उंची माहीत होती, तो माणूस तुमच्याच टेबलाशी बसलेला होता. बैठक घेतली हे चुकलं नाही. त्याच्या डोक्यातली गोष्ट टेबलावर यायला बैठकीत वाटच नव्हती, ते चुकलं.

‘एकट्याने की सगळ्यांनी’ असे दोनच रस्ते तुम्ही समोर ठेवलेत. मधल्या पायऱ्या बऱ्याच आहेत. व्हिक्टर व्रूम आणि फिलिप येटन या दोघा अभ्यासकांनी १९७३ मध्ये त्यांची पाच प्रकारांत मांडणी केली, आणि व्यवस्थापनाच्या वर्गांत ती अजून शिकवतात. पहिला प्रकार, हाताशी आहे त्या माहितीवर तुम्ही एकट्याने ठरवायचं. दुसरा, लोकांकडून नेमकी माहिती मागवायची आणि ठरवायचं तुम्हीच. कशासाठी विचारताय हे सांगायलाच हवं असंही नाही. तिसरा, अडचण एकेकाला समजावून मत घ्यायचं, सगळ्यांना एकत्र बसवायचं नाही, ठरवायचं तुम्ही. चौथा, एकत्र बसवून मतं घ्यायची आणि तरीही शेवटचा शब्द तुमचा. पाचवा, गटाने मिळून ठरवायचं आणि गट म्हणेल ते तुम्ही मान्य करायचं. आधीचे साहेब पहिल्या पायरीवरून हलत नव्हते. तुम्ही थेट पाचवीवर उडी मारलीत आणि शिफ्टच्या वेळापत्रकापासून ३८ लाखांच्या खरेदीपर्यंत सगळं तिथेच नेलंत. शिवाय बैठकीला बसलेल्यांना आपण कितव्या पायरीवर आहोत हे ठाऊक नव्हतं. तुम्हाला वाटत होतं गट ठरवतोय, गटाला वाटत होतं साहेब ठरवणार, आणि मालकांना वाटत होतं की निर्णय त्यांचाच आहे.

पायरी निवडताना स्वतःला विचारायचे प्रश्न मोजके आहेत. चुकलं तर नुकसान किती? लागणारी माहिती माझ्याकडे आहे की दुसऱ्या कोणाकडे? लोकांनी मनापासून साथ दिली नाही तर निर्णय कागदावरच राहील का? मी परस्पर ठरवलं तर ते मान्य करतील का? आणि वेळ किती आहे? रात्री दोन वाजता टूल तुटलं तर बैठक कसली, शिफ्ट इनचार्जने ठरवावं आणि सकाळी सांगावं. दिवाळीत कोणी कधी सुट्टी घ्यायची, हे उलट गटावर सोडून द्या. कुठलीही वाटणी कारखान्याला सारखीच, फक्त ती लोकांना न्याय्य वाटायला हवी. सुरक्षेच्या गार्डशिवाय प्रेस चालवायची की नाही यावर मत घेऊच नका. स्पिंडलचा प्रश्न मात्र सरळ चौथ्या पायरीचा. माहिती चार माणसांत विखुरलेली, रक्कम मोठी, जबाबदारी तुमची.

आता आधीच्या साहेबांबद्दल. एकटे ठरवायचे म्हणून त्यांचं बरोबर यायचं, असं तुम्हाला वाटतंय. अनुभवी माणसाचा अंदाज दोन अटींवर विश्वासाचा असतो: तीच परिस्थिती पुन्हा पुन्हा समोर आलेली असावी, आणि आपलं चुकलं की बरोबर आलं हे त्याला दर वेळी लवकर कळलेलं असावं. पंधरा वर्षं स्पिंडलचे आवाज ऐकलेला मेन्टेनन्सवाला ‘बेअरिंग गेलंय’ म्हणाला तर त्याचं ऐका. त्याने शेकडो वेळा अंदाज केलाय आणि स्पिंडल उघडून खातरजमाही केलीय. पण सहा-सात वर्षांतून एकदा मशीन घेणाऱ्याला त्या खरेदीची ‘नजर’ येणार कुठून? तिथे त्या साहेबांचा अंदाजही तुमच्या-माझ्याइतकाच कच्चा. ते ठामपणे बोलायचे एवढंच. ठामपणा आणि अचूकपणा यांची गल्लत कारखान्यात फार होते.

दुसरं गृहीतक तुमच्या पत्रात थोडं लपलेलं आहे: निर्णय ‘सर्वोत्तम’च हवा, म्हणून आणखी एक बैठक, आणखी एक कोटेशन. हर्बर्ट सायमन यांना १९७८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते संस्थांमधल्या निर्णयप्रक्रियेच्या अभ्यासासाठी. त्यांचं म्हणणं असं की माणसाकडे वेळ, माहिती आणि डोकं तिन्ही मर्यादित असतं, म्हणून तो सर्वोत्तम शोधत बसत नाही. पुरेसा चांगला पर्याय दिसला की थांबतो. यात कमीपणा नाही. फक्त ‘पुरेसं’ म्हणजे किती, ते पर्याय बघण्याआधी लिहून काढायला हवं. तुमच्या बाबतीत ते असं होईल: या मशीनवर करायचं ४० मिमीचं एच-सात, म्हणजे काटेकोर मापाचं, भोक सलग शंभर नगांत दोन टक्क्यांच्या आत रिजेक्शन ठेवून निघालं पाहिजे, ग्राहकाचा पुरवठा एकही दिवस तुटता कामा नये, पुढची तीन वर्षं याच स्पिंडलवर पुन्हा मोठा खर्च नको. या अटी पार करणारा पहिला स्वस्त पर्याय घ्यायचा आणि थांबायचं. अटी नंतर लिहिल्या तर त्या आवडत्या पर्यायाच्या मापाने बेतल्या जातात.

मग माना का डोलावल्या? तीन गोष्टी एकत्र झाल्या.

मालकांनी पहिलं वाक्य बोलून दिशा ठरवून टाकली. डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडलेला प्रयोग इथे चपखल बसतो. लोकांसमोर आकड्यांचं एक चक्र फिरवलं आणि विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? चक्र १० वर थांबलेलं ज्यांनी पाहिलं त्यांचं मधलं उत्तर २५, ज्यांनी ६५ पाहिलं त्यांचं ४५. चक्राचा प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता. तुमच्याकडे तर पगार देणाऱ्या माणसाचं मत होतं.

दुसरी गोष्ट एकटं पडण्याची भीती. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या १९५१ च्या प्रयोगात लोकांना फक्त रेषांची लांबी ताडायची होती, डोळ्यांना स्पष्ट दिसत होती. तरी बाकीचे सगळे ठरवून चुकीचं बोलले की साधारण एकतृतीयांश वेळा माणूसही त्यांच्यासारखंच चुकीचं बोलायचा. आणि गटात एकच जण जरी वेगळं बोलला तरी हे प्रमाण झपाट्याने खाली यायचं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तिसरी गोष्ट सगळ्यात कमी लोकांना माहीत असते. गॅरॉल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी १९८५ मध्ये दाखवलं की गट एकत्र बसला की सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींवरच बोलत राहतो. एकालाच ठाऊक असलेली गोष्ट बहुतेक वेळा बाहेरच येत नाही. किंमत, डिलिव्हरी, रिजेक्शन हे नऊही जणांना माहीत होतं, म्हणून चार बैठका त्याच्यावरच गेल्या. शटरची उंची एकालाच माहीत होती. ‘सगळे बोलतायत त्यापेक्षा माझं वेगळंच काहीतरी’ असं वाटून तो गप्प बसला असणार. त्यात कुणाचं कपट नसतं.

बैठकीची रीत बदलली की तीच माणसं वेगळं वागतात. एप्रिल १९६१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या सल्लागारांनी क्यूबातल्या बे ऑफ पिग्जवरच्या फसलेल्या हल्ल्याला जवळजवळ एकमुखाने मान डोलावली होती. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांच्या पेचप्रसंगात त्यांच्यापैकी बरेच जण पुन्हा टेबलाशी होते. या वेळी केनेडी काही बैठकांना मुद्दाम गेले नाहीत, गट फोडून वेगवेगळे पर्याय तपासायला लावले, बाहेरचे जाणकार बोलावले. अर्व्हिंग जॅनिस यांनी १९७२ मध्ये या दोन प्रसंगांची तुलना करून ‘ग्रुपथिंक’ ही कल्पना मांडली, म्हणजे एकमत टिकवण्याच्या नादात गटाने शंका गिळणं. आपल्याकडे ‘बारभाईची खेती’ म्हणून सामूहिक कारभाराला नावं ठेवायची सवय आहे. पण नारायणरावांच्या खुनानंतर १७७४ च्या सुमारास एकत्र आलेल्या मूळ बारभाईंनी राघोबादादांना पेशवाईपासून दूर ठेवण्याचं काम चोख केलं होतं. हेतू एक होता तोवर जमलं. शेवटचा शब्द कोणाचा याची भांडणं पुढची.

आता तुमचं काम. पुढच्या सात दिवसांत होण्यासारखं आहे.

शुक्रवारी एका पानाची टिपण काढा. वर प्रश्न: ‘या भोकाचं काम पुढची तीन वर्षं कसं करायचं?’ ‘नवं घ्यायचं का?’ असं लिहू नका, त्यात उत्तर घुसलेलं आहे. त्याखाली वरच्या किमान अटी, खर्चाची मर्यादा, निर्णयाची तारीख, आणि ठळक अक्षरांत एक ओळ: ‘मतं सगळ्यांची घेतली जातील. निर्णय उत्पादनप्रमुख घेतील, मालकांची मंजुरी लागेल.’ ही ओळ लिहिण्याआधी मालकांशी बोलून घ्या.

नऊ माणसं नकोत. मेन्टेनन्स, क्वालिटी, प्लॅनिंग, खरेदी आणि त्या मशीनवरचा ऑपरेटर, पाच पुरेत. ऑपरेटरला बहुतेक बैठकांत बोलवत नाहीत, आणि मशीन कुठल्या वेळेला, किती गरम झाल्यावर माप सोडतं हे त्यालाच माहीत असतं. टिपण दिल्यावर दोन दिवसांत प्रत्येकाने वेगळं, लेखी, अर्धं पान द्यायचं: कुठला पर्याय, का, आणि ‘मला माहीत असलेली, पण इतरांना बहुधा माहीत नसलेली एक गोष्ट’. हा शेवटचा मुद्दा गाळू नका, शटर तिथेच सापडलं असतं. कागद थेट तुमच्याकडे यायला हवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर मागवलात तर पहिला मेसेज येईल आणि खाली आठ अंगठे.

याच दोन दिवसांत एक मोजमाप करून घ्या, कारण चार बैठकांत ते कोणी केलेलं दिसत नाही. स्पिंडलच्या टेपरमध्ये (हत्यार बसतं त्या निमुळत्या खाचेत) टेस्ट बार, म्हणजे तपासणीचा सरळ दांडा, बसवून मोजणीचा डायल लावा, एकदा स्पिंडलच्या तोंडाशी आणि एकदा ३०० मिमी खाली. ४० मिमीच्या एच-सात भोकाला एकूण मोकळीक २५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). खालचा रनआउट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, त्याच्याच आसपास असेल तर रीमर मारलेलं भोक मोठं जाणारच. मग मशीन ज्यांवर सरकतं त्या स्लाइडची झीज आणि सरकवणाऱ्या बॉलस्क्रूचा बॅकलॅश (ढिलेपणा) बघा. बिघाड स्पिंडलपुरताच असेल तर रिकंडिशन हा खरा पर्याय आहे. स्लाइडही झिजल्या असतील तर साडेचार लाख पाण्यात. एका शिफ्टच्या आत कळणारी गोष्ट आहे, आणि तिच्यावाचून बाकी चर्चा म्हणजे नुसता काथ्याकूट.

बैठक एक तासाची, जास्त नाही. पहिली दहा मिनिटं तुम्ही आलेले मुद्दे नावं न घेता वाचा. मग गोल फिरून प्रत्येकाने एकेक मुद्दा सांगायचा, फळ्यावर लिहायचा. या टप्प्यात वाद घालायचा नाही, फक्त अर्थ विचारायचा. सुरुवात सर्वांत कनिष्ठ माणसापासून. तोंडाने ‘कल्पना सुचवा’ म्हणून गलका करण्यापेक्षा आधी एकेकट्याने लिहिलेल्या कल्पना एकत्र केल्या तर जास्त निघतात. येलमधल्या १९५८ च्या अभ्यासात हे दिसलं आणि नंतरही पुन्हा पुन्हा दिसलंय. कारण साधं आहे, एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं आणि थांबता थांबता सुचलेलं विसरतं.

मग जो पर्याय पुढे दिसतोय त्याच्यावर दहा मिनिटं एकच प्रश्न: ‘समजा सहा महिने झालेत आणि हा निर्णय साफ फसलाय. काय झालं असेल?’ प्रत्येकाने लिहायचं. गॅरी क्लाइन यांनी ही पद्धत प्रचारात आणली. तिची गंमत अशी की फसलंय हे गृहीत धरल्यामुळे विरोध करणारा वाईट दिसत नाही, उलट न लिहिणाराच आळशी दिसतो. एकटं पडायची भीती इथे संपते. नवीन मशीनबद्दल तुमच्याकडे लिहून येण्यासारख्या गोष्टी: शटरची उंची, महावितरणचा मंजूर भार अपुरा, कॉम्प्रेसरची हवा कमी, फाउंडेशन सुकायला लागणारे दिवस, हायड्रा (क्रेन) वळायला जागा नाही, आणि जुनं मशीन काढेपर्यंत नवं ठेवायचं कुठे.

कायमचा ‘विरोधी पक्षनेता’ नेमायची युक्ती काही जण सुचवतात. तिसऱ्या बैठकीपर्यंत त्याची थट्टा सुरू होते आणि त्याचं खरं म्हणणंही थट्टेत जातं. हात वर करून मतदानही नको. चार विरुद्ध एकमध्ये एकट्याकडे मोजमाप असू शकतं आणि चौघांकडे फक्त आवड, शिवाय नंतर जबाबदारी कुणाचीच राहत नाही.

तुमच्याच आकड्यांवर एक नजर टाका. रिकंडिशन केला आणि पंधरा दिवसांचे साधारण २०० तास बाहेर दिले, तर तासामागे २३० रुपये जादा म्हणजे ४६ हजार. एकूण पाच लाखांच्या आत. नवं मशीन मागवलं तरी चौदा आठवडे काम कुठेतरी करावंच लागेल. सगळं बाहेर दिलं तर जवळपास १,३०० तास, म्हणजे तीन लाख जादा, तेही मशीनच्या ३८ लाखांखेरीज. कायम जॉबवर्क केलं तर महिन्याला ९२ हजार जादा, वर्षाला अकरा लाख. तीन पर्याय एकमेकांसमोर उभे केल्यामुळे बैठक अडली. ते एकामागे एक लावता येतात. स्लाइड ठीक निघाल्या तर माझा कल स्पष्टपणे आधी रिकंडिशन आणि नव्या मशीनचा विचार पुढच्या वर्षाच्या बजेटमध्ये, याकडे आहे. तोपर्यंत शटर आणि वीजभार दोन्ही बघून होतील.

‘गेल्या वर्षी तीन लाख घातलेत’ हा मुद्दा बैठकीत दोन्ही बाजूंनी येईल. एक म्हणेल, एवढे घातलेत तर आता सोडायचं कसं. दुसरा म्हणेल, एवढे घालूनही बिघडलं तर आता एक रुपयाही नको. दोघंही गेलेल्या पैशाकडे बघतायत. विचारा, ‘हे मशीन आज आपलं नसतं आणि कोणी याच अवस्थेत फुकट देऊन साडेचार लाखांत दुरुस्त करून देतो म्हणाला असता, तर घेतलं असतं का?’

मालकांचा प्रश्न उरतो, तो नाजूक आहे. त्यांना चारचौघांत ‘तुम्ही नंतर बोला’ म्हणू नका. आदल्या दिवशी भेटून सांगा, ‘साहेब, तुम्ही पहिल्यांदा बोललात की बाकीचे बोलतच नाहीत, आणि मला त्यांच्या पोटातलं काढायचंय. पहिला अर्धा तास आम्ही बसतो, मग तुम्ही या, मी फळा दाखवतो.’ बहुतेक मालकांना हे पटतं, कारण पैसे त्यांचे आहेत. नाहीच पटलं आणि त्यांनी नवं मशीन घ्यायचं मनात पक्कं केलेलं असेल, तर मतं मागवण्याचं नाटक करू नका. ‘मशीन घ्यायचं ठरलंय, आता ते नीट बसवायचं कसं एवढंच विचारतोय’ असं सरळ सांगा. आधीच ठरलेल्या गोष्टीवर सल्ला मागितलेला लोकांना लगेच कळतो, आणि पुढच्या वेळी ते खरंही बोलत नाहीत.

बैठकीनंतर एका दिवसात निर्णय चार ओळींत कळवा: काय ठरलं, का, कोणाचं म्हणणं मान्य झालं नाही आणि कुठल्या कारणाने, आणि कधी तपासायचं. तारीख घाला, उदाहरणार्थ मशीन सुरू झाल्यापासून ९० दिवस. रिजेक्शन किती असेल असं आज वाटतंय तो आकडाही लिहून ठेवा, नाहीतर तीन महिन्यांनी प्रत्येकजण ‘मला हेच वाटलं होतं’ म्हणेल आणि तुम्हाला पटेलही.

आणि तो मेन्टेनन्सचा माणूस. त्याला ‘बैठकीत का बोलला नाहीस’ असं विचारू नका, तो आणखी मिटेल. टेप घेऊन त्याच्याबरोबर शटरपाशी जा, उंची मोजा, कोटेशनमधली मशीनची उंची शेजारी लिहा, आणि विचारा, ‘आणखी काय काय आत जाणार नाही?’